बाजू संपू द्या

मी गोंदियाजवळच्या या मुर्रीचाच, जन्म इथला, बाप धानाच्या बांधीत मजुरी करे, आई बी करे. नववीपर्यंत शिकलो, मंग गोंदियात रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तिथंच उमर गेली. उजवा हात-पाय लकव्यात गेला, जीभ थोडी जड आहे, पन समजते न तुमाले? नाई समजलं तं थांबवा मले.

तर नव्व्याण्णव साली रेल्वेतले एक रिटायर गार्डसाहेब गाव सोडून पोरीकडे राहाले चालले होते, त्यायचा रेकॉर्ड प्लेअर मी सुधारून देला, तं म्हनले ले जा, मशीन भी ले जा, ये रेकॉर्ड भी ले जा, घर में कोई सुनता नहीं. अकरा रेकॉर्डी होत्या, साऱ्या जर्मनीच्या अन् विलायतेच्या जुन्या बँडायच्या. काय सांगू तुमाले, एका बाजूले एकच गानं, वीस-वीस मिनिटं, गानारा जवळपास नाईच, ढोल एका चालीनं चाललाच आहे, चाललाच आहे, अन् त्याच्यावर बाजा कुठच्या कुठं जाऊन राहिला. दिवसभर दुकानात लोकायचे फाटके भोंगे ऐकून डोकं उठे, घरी येऊन सुई ठेवली का आतला सारा कल्ला बंद. मले याडच लागलं त्याचं. मंग नागपूरच्या रद्दीवाल्यायकडून रेकॉर्डी आनल्या, पुन्याच्या एका मानसासंगं टपालानं सीड्यायची अदलाबदल केली, कपाट भरलं. गोंदियात हे ऐकनारा मी एकटा, अन् खोटं कायले बोलू, मले त्याचा माज होता. जयंतीले पोट्टे मशीन मागाले आले, देली नाई. माझी बायको वंदना एकदा म्हनली, हे वालं बरं वाटते, तं मी म्हनलं तुले काय समजते, तू राइस मिलमधी कोंडा झाड.

घरात कायदा एकच. सुई ठेवली का बाजू संपेपर्यंत उचलाची नाई, कोनी बोलाचं नाई, पाहुना दारात उभा असला तरी मी उठनार नाई. बाजू संपू द्या, मंग बोला. अन् उन्हाळ्यात रेकॉर्ड वाकडी होते, आमच्याकडचं ऊन तुमाले मालूम आहे, म्हनून घरातला एकुलता कूलर मी कपाटाकडे तोंड करून लावला. आई छपरीत, टिनाखाली, खाटेवर.

मंग एका मे महिन्यात आई तापानं पडली होती. वंदना मिलमधी जाताना उशाशी पान्याचा गडवा भरून ठेवे. मले सुट्टी होती, दुपारी रेकॉर्ड लावली, दुसरी बाजू. छपरी अन् माझ्या खोलीच्या मधात नुसता पडदा. आई म्हनली, बाबू, पानी. गडवा लवंडला होता, ते मले मागून समजलं. मी मनात म्हनलं, आता दहाच मिनिटं राहिले. ती पुन्हा म्हनली. मंग अजून एकदा म्हनली, मंग गप झाली, मले वाटलं झोपली. बाजू संपल्यावर उठून गेलो तं आई राहिली नव्हती.

लोकायले मी सांगितलं, रेकॉर्ड मोठ्यानं चालू होती, ऐकू आलं नाई. साऱ्यायनं मानलं. आईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी भंतेजी गेले, पाहुने गेले, अन् वंदना उठून मशीनपाशी गेली. इतक्या वर्षांत तिनं मशीनले हात लावला नव्हता. तीच रेकॉर्ड अजून वर होती, तिनं सुई ठेवली अन् खाली बसली. पहिली तीन मिनिटं ढोल. मंग ढोल थांबते अन् बाजू संपेपर्यंत नुसती घूं, दूर कुठं पंखा चालू असल्यावानी. शेजारची बाई भांडे घासून राहिली होती ते ऐकू आलं, गल्लीतली कोंबडी ऐकू आली. वंदना म्हनली, आई एकदाच हाक मारून थांबनारी बाई नव्हती. जिले मी तुले काय समजते म्हनलो, तिले ती बाजू माझ्याएवढीच पाठ होती. तिनं बाजू पुरी ऐकली, सुई उचलली अन् सैपाकाले लागली.

मले लकवा मारला त्याले तीन वर्षं झाले. सीड्या तिनं भाच्याले देल्या, त्यानं धानावर पोपट येऊ नये म्हनून सुतळीनं बांधीवर टांगल्या. रेकॉर्ड मात्र एक बी हलवली नाई. आईची खाट आता माझी आहे, छपरीतच. कूलर अजून कपाटाकडेच तोंड करून आहे. रविवारी तिची सुट्टी, दुपारी ती तीच बाजू लावते, पडदा सरकवते, भरलेला गडवा मले दिसंन असा मशीनजवळ ठेवते अन् तांदूळ निवडत बसते. ढोल थांबला का मी म्हनतो, वंदना, पानी. ती माझ्याकडे पाहते. बाजू संपू द्या, म्हनते. रागानं नाई, आवाज बी चढवत नाई.

बाजू संपली का उठते, मान धरते, पानी पाजते, हनवटी पुसते, एक थेंब सांडत नाई. लोक म्हनतात सेवा करावी तं वंदनानं. खरं आहे ते, लिहून घ्या. जे गानं मले साऱ्यात जास्त आवडे, त्याची घूं सुरू झाली का आता जीभ टाळूले चिकटते. आई तीनदा म्हनून गप झाली होती, मी बी तीनदाच म्हनतो. वंदनाले लंबी उमर भेटो, माझ्याहून जास्त भेटो, ती गेली तं बाजू संपल्यावर बी पानी देनारं कोनी नाई.