सुमनकाकू आणि माझा टॉवर

माझ्या हॅम रेडिओच्या, म्हणजे हौसेनं चालवायच्या बिनतारी संचाच्या, टॉवरची गोष्ट तुम्हाला सांगितलीच नाही. अहमदपूरला घरामागं लोखंडी टॉवर उभा करत होतो, तेवढ्यात शेजारच्या सुमनकाकू आल्या. त्यांचे यजमान शेतात वीज पडून गेले होते.

“हे उभं करू नको बाबा. वीज खेचून आणील.”

मी वाद घातला नाही. टॉवरपासून अर्थिंगच्या खड्ड्यात उतरलेली तांब्याची पट्टी त्यांना दाखवली. “पडलीच, तर इथून मातीत जाईल काकू. माती तेवढी ओली पायजे.”

 त्यानंतर उन्हाळाभर काकू त्या खड्ड्यात घागरीनं पाणी घालताना दिसायच्या.

एका दुपारी अवकाळी पावसात टॉवरवर खरंच वीज पडली. रेडिओच्या वायरी मी आधीच काढून ठेवल्या होत्या. दोन्ही घरं शाबूत राहिली. पाऊस थांबल्यावर मी काकूंकडं धावलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या.

“भ्यालात का, काकू?”

“भ्याले की. हे गेल्यापासून आभाळ गरजलं की मी डोळे मिटून कोपऱ्यात बसायची. आज पहिल्यांदा बघितली.” खिडकीतून टॉवरकडं बघत म्हणाल्या, “लई उजेड असतो रे तिचा.”