किटलीच्या बुडाचा शिक्का

चांदीचा मुलामा चढवणाऱ्या कारागिराने पॉलिशचं चाक बंद केलं, तेव्हा पडद्यापलीकडे बाकावर बसलेल्या सासू-सुनेचं बोलणं त्याच्या कानावर आलं.

“आई, किटलीच्या बुडावरच्या हॉटेलच्या शिक्क्याला हात लावू नका, असं त्यांना सांगितलंत ना?”

“मला वाटलं, तू सांगितलंस.”

“मी तर गाडी लावत होते.”

“अगं, जुन्या हॉटेलांची भांडी रोज येत असतील इथे. एवढं कळत नसेल का त्यांना?”

“डोळे गेल्यापासून बाबा संग्रहातली एकेक वस्तू शिक्क्यावर अंगठा फिरवून ओळखतात. शिक्का हाताला लागला नाही, तर किटली बदलली म्हणतील.”

“म्हणू देत.”

“नुसता एक चमचा हरवला, तर चार दिवस जेवले नव्हते. आणि ही तर त्या पाडलेल्या हॉटेलची शेवटची वस्तू.”

“नको गं, आठवण काढू नकोस.”

कारागिराने किटली उलटी करून बुडावर अंगठा फिरवला. बूड काचेसारखं गुळगुळीत होतं.

त्याने किटली बाजूला ठेवली आणि रिकामं चाक सुरू केलं.

“ऐकलंस? लागले परत कामाला. मन लावून करतात हो.”