मडक्यातली आई

मिर्लांद : एकदा तोंडातून शापाचा शब्द काढ, आई. खालच्या वाटेवरच त्या मडकी फोडणाऱ्यांचे पाय लुळे पडतील.

सिदालीज (मडक्यातून) : आणि त्यांच्यात तुझा भाऊ आहे, त्याचं काय?

मिर्लांद : अनेल आता त्यांचाच. पाद्र्यासमोर शपथ घेतली त्यानं. देवता नाकारल्या, तुला नाकारलं. काल शेजारच्या इफोनीजच्या वडिलांचं मडकं दगडावर आपटलं त्या लोकांनी. म्हातारा आत ओरडत होता, आणि त्या धर्मवीरांपैकी एकालाही ऐकू आलं नाही.

सिदालीज : शपथ घेतली की आम्हा मेलेल्यांचा आवाज ऐकूच येत नाही. ते तरी काय करणार? आणि तुझे केस बघ. शेवटचे कधी विंचरलेस?

मिर्लांद : इथे धर्मयुद्ध चाललंय आणि तू केसांवर येतेस.

सिदालीज : मेलेय मी, आंधळी नाही झाले. शापबिप देणार नाही, सांगून ठेवते. मेल्यावर वर्ष आणि वर एक दिवस नदीखाली गारठून काढला, मग तुम्ही दोघांनी हाका मारून मला वर आणलंत, या मडक्यात बसवलंत. कुणाचे पाय मोडायला नाही आले परत.

मिर्लांद : मग काय फुटायला आलीस?

अनेल (बाहेरून) : मिर्लांद, दार उघड. एकटाच आहे मी. बाकीचे खाली आंब्यापाशी थांबलेत.

मिर्लांद : हातात काय आहे? कुऱ्हाड?

अनेल : मडकं. जाक्मेलच्या बाजारातून आणलंय, अगदी आईच्यासारखं. हे फोडू, खापऱ्या त्यांना दाखवतो. आईला केळीत पुरून ठेवू. वरून पाचोळा टाकला की कुणाला कळायचं नाही.

सिदालीज : पोरगं किती वाळलंय माझं. कालची कसावाच्या कंदाची भाकरी आहे ना? दे त्याला.

मिर्लांद : भाकरी खा म्हणतेय.

अनेल : मला वाटलं, चिडली असेल.

मिर्लांद : ती नाही चिडत तुझ्यावर. ते काम माझ्याकडे आहे. घे, खा.

अनेल : अजून एक आहे. नुसत्या खापऱ्यांवर भागणार नाही. रविवारी तुलाही शपथ घ्यावी लागेल. मी शब्द देऊन बसलोय.

मिर्लांद : कुणाला विचारून?

अनेल : नाहीतर तुला आजच नेतील. इफोनीजला नेलं, ती अजून घरी आलेली नाही.

मिर्लांद : नेऊ देत. तुला कळतंय का काय मागतोयस ते? आई नदीतून वर आल्यापासून तिच्याशी भांडल्याशिवाय मी एक दिवस झोपलेले नाही. तिचा आवाज गेला तर मी राहू कशी?

सिदालीज : घे शपथ.

मिर्लांद : आई, तू गप्प बस.

सिदालीज : तू पाण्याला गेलीस की हा येतो, माहीत आहे? मागच्या खिडकीशी बसतो. गुडघा दुखतो ते सांगतो, त्या आदेलीनबद्दल सांगतो. मी उत्तरं देते, त्याला अक्षर ऐकू जात नाही. तरी येतो.

मिर्लांद : अनेल, ही आदेलीन कोण?

अनेल : तुला कुणी सांगितलं? म्हणजे आईला ऐकू जातं माझं?

मिर्लांद : सगळं.

अनेल : मला वाटायचं, भिंतीशीच बोलतोय.

सिदालीज : त्याला सांग, मुलगी गुणाची आहे, पण तिची आई कजाग आहे. लग्नाआधी विचार कर म्हणावं.

मिर्लांद : रविवारनंतर मीही भिंतीशीच बोलायचं का?

सिदालीज : माझ्याशी बोलायचं. मी जिवंत होते तेव्हा तरी कुठे ऐकत होतात तुम्ही माझं? तू जगायला हवीस मला, मिर्लांद. ऐकायचं मी बघते.

अनेल : काय म्हणतेय?

मिर्लांद : फोड ते तुझं मडकं. जोरात आपट, खालपर्यंत आवाज गेला पाहिजे. घेईन मी शपथ.

अनेल : पण ती म्हणाली काय?

मिर्लांद : मध्ये बोलू नकोस, अजून बोलतेय ती. रविवारच्या आत तिचं सगळं सांगून व्हायला हवं.