जास्तीची खडी

(रस्त्याकडेचा वजनकाटा. खडीने भरलेला ट्रक त्यावर उभा आहे. दाजी ड्रायव्हर, मेहुणी काट्यावरची निरीक्षक.)

मेहुणी : दाजी, काट्याला नाती कळत नाहीत. दीड टन जास्त भरलंय. गाडी बाजूला घ्या.

दाजी : अगं, ही खडी रस्ता दुरुस्त करायलाच चाललीये.

मेहुणी : आणि जाता जाता तोच रस्ता उखडणार. बरंय, तुमचं काम कधी संपायचंच नाही.

दाजी : तुला सायकल कोणी शिकवली?

मेहुणी : तुम्ही. पाडलंही तुम्हीच. उतरा खाली.

दाजी : सोड की या खेपेला.

मेहुणी : पुढे पूल आहे. त्याला किती झेपतं ते पाटीवर लिहिलंय. आणि मला एक सांगा, खाणीकडून पुलाला जायला मागचा रस्ता आहे ना? तिथे काटा नाही. जादा भरलेले सगळे तिकडूनच पळतात. तुम्ही इकडून कसे?

दाजी : वाट चुकलो.

मेहुणी : एवढी वर्षं ट्रक चालवून?

दाजी : …मुद्दाम आलो. मालक ऐकत नाही गं. मी नाही म्हटलं की किल्ली दुसऱ्याच्या हातात. काल पुलावर मधोमध गेलो आणि खालून थरथर थेट पायाला जाणवली. आपल्या चिमीच्या शाळेची बस जाते तिथून. म्हटलं, मी अडून बसलो तर नोकरी जाईल, तू अडवलंस तर कोणाचं काय जातंय?

मेहुणी : मग मघापासून भांडताय कशाला?

दाजी : मालक विचारणार, हुज्जत घातलीस का? खोटं कसं बोलू?

मेहुणी : धन्य आहात. लावा त्याला फोन. माझ्याकडे द्या.

मालक (फोनवर) : कुठे अडकलास रे?

मेहुणी : वजनकाट्यावरून बोलतेय. जादा खडी उतरल्याशिवाय तुमची गाडी हलणार नाही.

मालक : मॅडम, आमचा ड्रायव्हर तुमच्या नात्यातला ना?

मेहुणी : हो. म्हणूनच दोनदा वजन केलं.

मालक : तो काही बोलला नाही?

मेहुणी : कान किटले माझे. बहिणीला सांगणार आहे.

मालक : आणि उद्या?

मेहुणी : उद्याही मीच आहे. पूल तपासायला आजच कळवतेय. तोवर पुलाच्या तोंडाशीच गाड्या अडवणार, मागून या नाहीतर पुढून.

मालक : …राहू दे. उद्यापासून पाटीवर आहे तेवढंच भरू. रोजचा खोळंबा कोण सोसणार?

मेहुणी : ठेवला त्यांनी. हसताय काय? फावडं घ्या.

दाजी : एकट्याने?

मेहुणी : हे दुसरं माझ्या हातात काय दिसतंय?

दाजी : गणवेश मळेल तुझा.

मेहुणी : मळू दे. त्या कोपऱ्यात टाका, परतताना रिकाम्या गाडीत घेऊन जा. दाजी, माझ्या बुटांवर नका ओतू.

दाजी : तू मध्ये उभी राहतेस. सायकलच्या वेळीही अशीच मध्ये यायचीस.

मेहुणी : हसवू नका, फावडं सुटतंय हातातून.

दाजी : झालं बहुतेक. बघ आता काट्यावर.

मेहुणी : बसलं बरोब्बर. निघा.

दाजी : हलकी झाली गं गाडी.

मेहुणी : दीडच टन उतरलाय, दाजी.

दाजी : मला जास्त वाटतंय.