काकूनं पाह्यलं का?

सॉफ्टवेअरच्या धबधबा पद्धतीचं नाव निघालं का मले पुलगावचे पंपवाले काका आठवतात. त्याईच्या पान्याच्या पंपाच्या दुकानासाठी आमी बिलाचं सॉफ्टवेअर करून राह्यलो होतो. तिथली रीत अशी का काकानं बिल बनवाचं, पन शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या काकूनं पाह्यल्याबिगर ते गिऱ्हाइकाले द्याचं नाई. म्हनून काका म्हने, "छापायच्या आधी मशीननं विचारलं पाह्यजे, काकूनं पाह्यलं का?"

काकू म्हने, "अर्धंमुर्धं झालं का मले दाखवून जाजो बरं."

मी म्हटलं, "नाई काकू, आमचं काम धबधब्यावानी असते. आधी सारं ठरवाचं, मंग बनवाचं, अन् पुरं झाल्यावरच दाखवाचं. खाली आलेलं पानी वर चढत नाई."

काका हसले. "अबे, पानी वर चढवाचाच तं धंदा आहे आपला!"

सारं तयार करून मी दुकानात गेलो, तोवर पोळा होऊन गेलता. अन् पोळ्याच्या आधीच काकू वारल्या होत्या.

काकानं पहिलं बिल बनवलं. मशीननं विचारलं, "काकूनं पाह्यलं का?"

काकानं स्क्रीन हळूच रिकाम्या खुर्चीकडं फिरवली. थोडा वेळ थांबले, अन् मंग 'हो' दाबलं.

माह्यानं पाहवलं नाई. म्हटलं, "काका, हा प्रश्न काढून टाकतो. आत्ता होते."

"राहू दे, बाबू," काका म्हने. "पानी वर नाई चढत."