टेस्टरने स्क्रू फिरवू नका

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा माननीय वैशालीताई, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, शिवणवर्गाच्या सर्व भगिनी, रोह्याहून आलेली माझी लेक मृणाली, जावई मितेशराव, आणि आत खुर्च्या रिकाम्या असूनही दारातच उभे राहिलेले सर्व सज्जन, या गोविंदाचा तुम्हा सगळ्यांना नमस्कार.

शाल घातलीत, नारळ दिलात. वैशालीताई माझ्याबद्दल इतकं चांगलं बोलल्या की मला वाटलं, हा कोण बुवा माणूस, याला एकदा भेटायला हवं! शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याची आठवण मशीन अडल्यावरच येते. इथं चालत्या मशीनच्या बायकांनी मला बोलावलं, हे काय कमी झालं? दुकान बंद करून मी आता लेकीकडे रोह्याला निघालोय, म्हणून हा निरोप.

काका, मनातलं बोला, असं तुम्ही म्हणालात. मनात काही नाही हो. शांती, माझी बायको, चैत्रात गेली. तेव्हापासून सगळं बधिर आहे. जेवतो, झोपतो, कुणी विनोद केला तर हसतोसुद्धा, पण वाटत काहीच नाही. तेव्हा मनातलं राहू द्या. मला ज्यातलं कळतं त्याच्यावर बोलतो. स्क्रू ड्रायव्हरवर.

हसता काय? मशीनचा स्क्रू जिनं कधी टेस्टरने फिरवला नाही, तिनं हात वर करावा. बघा, एक हात नाय! विजेचा टेस्टर म्हणजे आपल्याकडे घरगडी. वीज त्यानंच तपासायची, डब्याचं झाकण त्यानंच उचकटायचं आणि मशीनही त्यानंच उघडायचं. तो सापडला नाही तर सुरी, नाहीतर नाणं. बायजाताईंनी तर एकदा उलथनं लावलं होतं. तोंड काय लपवताय बायजाताई, सगळ्यांना माहीत हाय!

अहो, त्या स्क्रूची खाच अरुंद असते आणि तिच्या भिंती सरळ. बाजारातल्या साध्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक पाचरीसारखं निमुळतं. ते वरच्या वर अडतं, तळाला टेकतच नाही. जोर लावला की सटकतं आणि जाता जाता खाचेच्या कडा खाऊन जातं. मग तो स्क्रू कुणाच्या बापाला दाद देत नाही. म्हणून टोक स्क्रूच्या डोक्याएवढं रुंद हवं, खाचेत गच्च बसेल इतकं जाड हवं आणि दोन्ही अंगांनी सपाट घासलेलं हवं. खाचेत घालून हात सोडला तरी उभं राहिलं, म्हणजे ते बरोबर. सुईखालच्या पट्टीला आखूड, बुटका स्क्रू ड्रायव्हर घ्यावा, कारण वर मशीनचं डोकं आडवं येतं. आधी तेलाचा थेंब सोडा आणि थांबा. थांबायला कुणी तयार नसतं, हीच तर रड आहे. मग वरून दाबा जास्त आणि फिरवा कमी.

ती पट्टी उचलली की खाली कापडाचा भुगा साचलेला दिसतो. त्यावरून त्या घरात काय शिवलं ते मी सांगतो. शाळा उघडायच्या सुमारास निळा भुगा. आपल्या पेणला गणपतीच्या कारखान्यांमुळे पिवळा, जांभळा, चमचमता, मूर्तींच्या शेल्यांचा. मी बघतो आणि ब्रशचा एक फटका मारतो, की साफ.

शांतीही मूर्तींचे शेले शिवायची. तिच्या मशीनला मला कधी हात लावावा लागला नाही. दुकानात फुशारकी मारायचो, "मी बसवलेलं मशीन हाय, एकदापण अडलं नाय!" ती चहा आणून ठेवायची आणि म्हणायची, "व्हय तर! तुमच्या धाकानंच चालतंय."

ती गेल्यावर मृणालीनं ते मशीन मागितलं. तेलपाणी करून द्या बाबा, मी चालवीन, म्हणाली. देतो, म्हटलं. आज देतो, उद्या देतो, असंच चाललं. शेवटी लेक फोनवर भडकली. "साऱ्या गावाची मशीनं करता, आईचंच तेवढं नाय होत? आई गेल्याचं तुम्हाला काय वाटतंय का नाय?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मला न्यायचं मितेशरावांनी ठरवलं. ती नको म्हणाली नाही, आणि "या" असंही म्हणाली नाही. आज आली तेव्हा वैशालीताईंच्या पाया पडली, माझ्या नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. तिनं विचारलं तेच मीही स्वतःला विचारत होतो.

परवा सामान बांधताना त्या मशीनपुढे बसलो. पट्टीच्या स्क्रूंच्या खाचा कोऱ्या करकरीत, पण आत गंज नाही, धूळ नाही. म्हणजे ते फिरत होते. कोण फिरवत होतं? मशीनचा खण ओढला, तर आत टेस्टर! म्हटलं, घ्या, दिव्याखाली अंधार. पण टोक नीट बघितलं. दोन्ही अंगांनी सपाट घासलेलं. खाचेत घातला, हात सोडला. उभा राहिला. मागच्या पायरीच्या दगडावर ती विळीला धार लावायची, तिथंच घासला असणार. म्हणजे मशीन अडत होतं. ती आपलं आपण उघडत होती, साफ करत होती, आणि वर माझ्या बढाया ऐकून घेत होती. लबाड बाई! घरात एकटाच मोठ्यानं हसलो. रडू मात्र तेव्हाही आलं नाही.

मग स्क्रू जरासा सैल केला आणि थांबलो. पट्टीखाली तिचा शेवटचा भुगा आहे. चैत्रात ती पिवळे शेले शिवत होती, तेव्हा पिवळाच असेल. पट्टी उचलली की माझा हात ब्रशकडे जाणार, मला कळायच्या आत फटका मारणार. आयुष्यभराची सवय, तिला कोण अडवणार? म्हणून स्क्रू परत आवळला. मृणाली, आईचं मशीन एवढ्यासाठी होत नव्हतं गो. दुसरं काय नाय.

मशीन बाहेर टेम्पोत चढवलंय. रोह्याला गेल्यावर पट्टी तू उघड, मी बाजूला बसेन. भुग्याचं काय करायचं ते तू ठरव.

वैशालीताई, तुम्ही मानानं बोलावलंत, भगिनींनो, तुम्ही एवढा वेळ ऐकून घेतलंत, तुमचे उपकार आहेत. बोलण्याच्या भरात कुणाचं उलथनं चव्हाट्यावर आणलं असेल तर पोटात घाला. अध्यक्षांच्या परवानगीनं माझा ब्रश या टेबलावर ठेवतो. तो वर्गाला राहू दे, मला रोह्याला नको.

मृणाली, ये गो पुढे. हा आईचा टेस्टर, धर.