जास्तीचा झगा

— अगं तो नको घेऊस, तो आखूड आहे! तुझ्या गुडघ्यापर्यंत येईल तो, आणि मंडळी बघायचं सोडून भलतंच बघत बसतील. हा घे, कडेचा. हां, हा बघ कसा बरोबर घोट्यापर्यंत येतो. जरा जड लागेल, घाबरू नकोस, खालच्या दुमडीत मी शिशाचे गोळे शिवलेत — पडद्याला लावतात ना, तसलेच — नाहीतर हौदाच्या पाण्यात उतरलं की झगा छत्रीसारखा फुगतो आणि माणूस खाली जायचं नावच घेत नाही. हे मला कोणी शिकवलं? कोणी नाही. एका बाईंचा फुगला होता, बिचाऱ्या बाप्तिस्म्याला उतरल्या आणि दोन्ही हातांनी झगा दाबत बसल्या. तेव्हापासून शिसं. हात वर कर. वळ. मागची गाठ मी बांधते, ती आपली आपल्याला बांधता येतच नाही, हात पोचत नाही. सव्वीस वर्षं झाली बघ, या खोलीत उभी राहून लोकांच्या पाठीवर गाठी मारतेय. सगळी मला हौदमावशी म्हणतात ते उगाच नाही.

काय? पाच? हो, झगे पाच आहेत. नावं चारच, बरोबर — पोस्टमनकाका, त्या दोघी जुळ्या आणि शेवटी तू. मग पाचवा असू दे की! एखादा फाटला, एखाद्याचा बंद तुटला, मग ऐन वेळी कुठे धावायचं? मी नेहमीच एक जास्तीचा इस्त्री करून ठेवते. नेहमी. सहा असले तर सात, दोन असले तर तीन. सवय म्हण. बस त्या स्टुलावर. अजून वेळ आहे. आत्ताशी पहिलं गाणं चाललंय, मग उपदेश, आणि आपले पाळकसाहेब थोडक्यात सांगतो म्हणाले की समजायचं अर्धा तास. भला माणूस आहे, पण थोडक्यात जमत नाही त्याला.

पाण्याची काळजी तू करूच नकोस. काल दुपारी तीनला हीटर लावलाय, आज सकाळी सहाला येऊन कोपर बुडवून बघितलं — बाळाच्या अंघोळीचं बघतात तसं — आणि नंतर दोनदा. छान कोमट आहे. या दारातून बाहेर पडलीस की लगेच पायऱ्या, चार पायऱ्या, चौथी जरा बुटकी आहे, तिथे पाय जपून टाकायचा. प्रत्येकीवर मी रबराची चटई टाकलीय. डाव्या हाताला कठडा. पाळकसाहेब आत उभेच असतील, कमरेएवढ्या पाण्यात. ते तुझं नाव घेतील, तुला विचारायचं ते विचारतील, तू हो म्हणायचं, मोठ्याने, पुटपुटायचं नाही. मग नाक धरायचं, मान सैल सोडायची, की झालं! डोळे उघडशील तोवर वर आलेली असशील. दोन टॉवेल मी इथे धरून उभी असते. एक डोक्याला, एक अंगाला. बस. एवढंच तर आहे.

आता रडतेस कशाला? अगं! दिवसभर लोकांना सुया टोचतेस, रक्त बघतेस, मेलेल्याचे डोळे मिटतेस, आणि कमरेएवढ्या पाण्याला — पाण्याला नाही? मग? ...हं. हं. तयारी झाली नाही असं वाटतं. बरं. म्हणजे काय ते सांग. शिकवणीला सगळे रविवार आलीस, ड्यूटी संपवून झोपेने डोळे मिटत असताना आलीस, मी बघितलंय ना, मागच्या बाकावर पेंगत होतीस. पण अजून राग येतो. वॉर्डात चिडतेस. प्रार्थनेत मन लागत नाही. बहिणीशी अबोला आहे. तो सोडवून मग उतरावं असं वाटतं — पुढच्या वेळी. अस्सं.

ऐक माझं. या स्टुलावर बसून हेच बोललेली किती माणसं दाखवू तुला? सगळी! एक शिक्षक होते, त्यांना आधी तंबाखू सोडायची होती. एक बाई होत्या, त्यांना आधी सासूला माफ करायचं होतं. मी म्हटलं, अहो बाई, सासूला माफ करून मग देवाकडे जायचं म्हणजे तुम्ही ते एकट्यानेच करायला निघालात, मग देव काय करणार, बसून बघणार? ओल्या होऊन या आधी, मग दोघं मिळून बघा सासूचं. हसलीस! असंच असतं गं. आधी घर झाडून-पुसून लख्ख करीन, मग पाहुण्याला बोलवीन, असं म्हणणाऱ्याकडे पाहुणा कधी येतच नाही, कारण कुठेतरी एक जळमट राहतंच. वाट तयार करायची हे खरं. ती करायलाच हवी. पण वाट चालायला असते ना? नुसती झाडत बसायला नसते. चालायला लागलं की उरलेले खड्डे आपोआप दिसतात, तेव्हा बुजवायचे. पाऊल टाकायचं. एवढं बोलले की सगळे उतरतात. आजवर एकसुद्धा माणूस या खोलीतून कोरडा परत गेलेला नाही, माझा रेकॉर्ड आहे!

थांब, तुला गंमत सांगते, म्हणजे जरा मोकळी होशील. ही गोष्ट मी सगळ्यांना सांगते. सव्वीस वर्षांपूर्वीची. तेव्हाचे आपले म्हातारे पाळक — देवमाणूस, पण चष्म्याशिवाय समोरचा हत्ती दिसायचा नाही आणि कानानेही कमी. आणि पाण्यात उतरताना चष्मा काढून ठेवायचे. त्या दिवशी सहा जणांचा बाप्तिस्मा, आणि सकाळी बघतात तर हीटर बंद! पाणी असलं गार की बोट घातलं तर बोट आपलं राहिलं नाही. पाळकांचं वय सत्तर, गुडघे दुखणारे. मग काय, पळापळ! पलीकडच्या स्वयंपाकघरात पातेली चढवली, आणि पाणी तापवायचं, धावत आणायचं, हौदात ओतायचं. उपासना सुरू झाली तरी चालूच. तर तिसरा नंबर होता भाजीवाल्याचा. अंगापिंडाने हा एवढा, मिशा अशा झुपकेदार. तो बुडाला, वर आला, सगळं नीट, पायऱ्या चढायला लागला — आणि त्या चौथ्या पायरीवरून पाय सटकला! धप्पकन परत पाण्यात! आणि पाळकांनी तोवर पुढचं नाव घेतलेलं, एका बाईचं नाव, आणि समोर कोणीतरी धडपडत आलंय एवढंच त्यांना दिसलेलं. धरलं आणि बुडवलं! बाई म्हणून! मिशांसकट! मंडळी डोळे मिटून गाण्यात दंग, कोणाला पत्ता नाही. बाहेर आल्यावर भाजीवाला खोकत खोकत म्हणतो कसा, मला वाटलं दोनदा असतं! आयुष्यभर सांगत फिरायचा, मी डबल पक्का आहे, मला सैतान हातच लावत नाही —

काय?

...काय म्हणालीस?

नाही, म्हणजे, हे कोणी विचारत नाही. हसतात आणि जातात. सव्वीस वर्षांत कोणी विचारलं नाही. तुम्हा नर्सांचं बाई अवघड, औषध कोणाचं आणि गेलं कोणाला, हेच डोक्यात. दुसरं नाव कोणाचं होतं, याला काय महत्त्व? होतं कोणाचं तरी. ती बाई होती... ती स्वयंपाकघरात होती. चौथा नंबर तिचा. झगा घालून तयार होती, पण पाणी अजून गारच वाटत होतं, म्हणून म्हणाली, एक पातेलं आणते, एवढंच एक, म्हणजे म्हाताऱ्याला बरं पडेल. पातेल्यापाशी उभी होती आणि भिंतीपलीकडून तिला आपलं नाव ऐकू आलं. अशी धावली! पातेलं हातात तसंच. आणि ओल्या फरशीवर घसरली, ते सगळं पाणी अंगावर. नशीब, उकळी फुटली नव्हती. उठून दारापर्यंत येते तर पाचवी बाई पाण्यात उतरलेली. मग सहावा. ती म्हणाली, आता शेवटी मी जाते. पण पाळकांनी मनात सहा मोजले होते, सहा झाले होते. ओठ निळे पडलेले त्यांचे, दोघांनी धरून बाहेर काढलं. आणि ही खोलीत चिंब उभी, केसांतून पाणी गळतंय. सगळ्या बायका आल्या आणि गळ्यातच पडल्या. किती आनंदाचा दिवस, किती आनंदाचा दिवस! हातात बाप्तिस्म्याचा दाखला दिला, आधीच लिहून ठेवलेला. आता अशात तोंड कसं उघडणार गं? कोणाच्या तोंडावर सांगणार, की अहो, माझ्या नावाने भाजीवाला —

झालं. बोलून गेले बघ.

हो. मीच.

असं बघू नकोस. पुढच्या रविवारी सांगायचं ठरवूनच आले होते, शपथ. तर पाळक तापाने आजारी. बरे झाले तेव्हा त्यांच्या बायकोने माझ्या हातात हौदाच्या खोलीची किल्ली ठेवली — त्या दिवशी तू होतीस म्हणून निभावलं, आता हे तूच बघ. आता किल्ली घेतल्यावर कसं सांगायचं? हौद सांभाळणारीच कोरडी, लोकांनी तोंडात बोटं घातली असती. म्हटलं, पुढच्या बाप्तिस्म्याला गुपचूप सांगीन. पुढच्या वेळी झग्यांची भानगड निघाली. मग चटयांची. मग हीटर नवा घ्यायचा होता. दर वेळी काहीतरी असतंच गं, आणि मी केलं नाही तर कोण करणार? म्हातारे पाळक गेले. आमच्या ह्यांनासुद्धा माहीत नाही. त्या दिवशी ते कामावर होते. दाखला बघून इतके खूश झाले की लगेच काच बसवून आणली. बाहेरच्या खोलीत लावलाय. रोज सकाळी मी त्याच्यावरची धूळ पुसते, आणि तेवढ्यापुरती दुसरीकडे बघते.

प्रभूभोजन? ...तुला बरं सगळं सुचतं. नाही घेत. बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं असतं ते, मी कसं घेणार? भाकर आणि पेले फिरायला लागले की मी मागे असते, भांडी विसळायला. सगळी म्हणतात, मावशी किती राबते, देवाच्या घरात क्षणभर बसत नाही! आणि मी नळ मोठा सोडते. सव्वीस वर्षं नळ मोठा सोडतेय. मला वाईट वाटतं गं. खूप वाटतं. ताटात काय असतं त्याच्यासाठी नाही, सगळी एका घरची जेवत असतात आणि मी त्याच घरात नुसती वाढणारी, म्हणून.

चल, पुरे! माझं काय घेऊन बसलीस. उपदेश संपला, ऐकू येतंय ना? पियानो सुरू झाला. बघ, पोस्टमनकाका चालले त्या समोरच्या खोलीतून, जुळ्याही तिकडेच बसल्यात. काका, कठडा धरा! ...गेले. किती हळू जातात, जणू पाण्यालाच पत्र द्यायचंय. आता दोन कडवी, मग जुळ्यांतली थोरली, मग धाकटी, की तू. केस मागे घे. पिन काढ ती, टोचेल.

हे काय?

तो झगा खाली ठेव. तो आखूड आहे म्हटलं ना तुला. — माझ्या मापाचा आहे, हो, आहे माझ्या मापाचा. मीच शिवलाय. दर वेळी अंगाला नुसता लावून बघते, दोनदा शिवण उसवून लांबी कमी केली, म्हातारपणी माणूस आखडतं. म्हणून काय झालं? दे इकडे. अगं मंडळी काय म्हणतील? सव्वीस वर्षं सगळ्यांना फसवलं म्हणतील. पाळकसाहेबांना काय सांगू, ते बिचारे पाण्यात उभे. आणि ह्यांना? तिसऱ्या बाकावर बसलेत, त्यांना वाटेल बायकोचं डोकं फिरलं. आणि टॉवेल कोण धरणार? चटया कोण उचलणार? आधी ह्यांना नीट समजावून सांगते घरी, पाळकसाहेबांना भेटते, मग पुढच्या वेळी —

...

हसू नकोस. कळलं मला मी काय बोलले ते.

थोरली गेली. ऐक, टाळ्या. आता धाकटी. बाई गं! या खोलीतून कोरडा कोणी गेला नाही म्हणे, माझा रेकॉर्ड! स्टूल दे जरा. नाही, नको, बसले तर उठायची नाही मी. तो झगा दे. दे लवकर, विचार बदलेल माझा. शिसं खरंच जड आहे गं याचं. कधी अंगावर घालून बघितलंच नव्हतं.

गाठ मार. मागे, वरच्या बाजूला. घट्ट. हां. तुझे हात बघितलेस? वॉर्डातल्यासारखे झाले. — घेतलं, तुझंच नाव घेतलं. जा. आणि ऐक, बाहेर आलीस की आधी पाळकसाहेबांना सांग, हौदाचं बूच काढू नका, अजून एक आहे. मोठ्याने सांग, पुटपुटू नकोस, तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू जाऊ दे. टॉवेल? टॉवेल आपले आपण घेऊ. चौथी पायरी बुटकी? मला कशाला सांगतेस, मला माहीत आहे! जा म्हणते ना. पाणी गार होतंय.